चौथी नोंद

पांढरा. नुसता पांढरा पट्टा, प्लॅस्टिकचा, बोटभर रुंद, शुभाकाकूंच्या मनगटावर पाटलीच्या खाली घट्ट बसलेला... आणि मृणालिनीला आधी दिसलं ते त्या मनगटाचं हाड, केवढं वर आलंय ते, काकूंचं वय एवढं झालं कधी असं काहीतरी ती मनात म्हणत होती, आणि मग दिसलं की पट्टा एकच आहे. दुसरा नाही. तांबडा नाही. खोली तिसऱ्या मजल्यावरची, खिडकीबाहेर फेब्रुवारीतला काळपट बर्फ, नर्स रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवतेय, काकू बाही खाली ओढतायत, सगळं कसं बिनघोर चाललंय, आणि हिचं लक्ष त्या न दिसणाऱ्या पट्ट्यावर.

"काकू, तुम्हाला अ‍ॅलर्जीचं विचारलं नाही का यांनी?"

"विचारलं की." काकूंनी पाटली सारखी केली. "मी म्हटलं, इट इज ऑल इन युअर कॉम्प्युटर."

हे वाक्य त्यांनी असं म्हटलं, की जणू कॉम्प्युटर घरचाच आहे. आणि तो घरचाच होता, तिथेच तर सगळी मेख होती. या हॉस्पिटलात ज्याला कुठल्या औषधाचा त्रास असेल त्याच्या हातावर तांबडा पट्टा बांधतात, आणि बांधायचा की नाही हे नर्स ठरवते ते एका छापील कागदावरच्या एका ओळीवरून. तो कागद ज्या सॉफ्टवेअरमधून निघतो ते हायवेपलीकडच्या काचेच्या इमारतीत तयार होतं, आणि त्यातली ती एक ओळ — तेवढी एकच — मृणालिनीने नोव्हेंबरात लिहिली होती. दिवाळीच्या फराळाला काकूंकडे बसून तिनेच फुशारकी मारली होती. काकू, आता दर वेळी डॉक्टरांपुढे पाढा वाचायला नको, तुमचं सगळं एका ओळीत येणार, ती ओळ माझी. मग काय, संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवात काकूंनी शिकागोजवळच्या या शॉमबर्गमधल्या निम्म्या बायकांना धरून सांगितलं होतं, आमच्या मृणालने लिहिलंय ते.

नर्सने कागद फिरवून दाखवला. अ‍ॅलर्जीज, पुढे दोन टिंबं, पुढे काही नाही. कोरं. ती हसून म्हणाली, काही नाही म्हणजे काही नाही, चांगलंच की.

"सल्फा," मृणालिनी म्हणाली. "पेनिसिलिन. लॅटेक्स." एकेक शब्द तिने सावकाश आणि मोठ्याने म्हटला. नर्सच्या भुवया वर गेल्या, तिने पेनने तिन्ही लिहून घेतले, खणातून तांबडा पट्टा काढला आणि पांढऱ्याशेजारी बांधला. उद्या सकाळी सातला गुडघ्याचं ऑपरेशन, तोवर दोन्ही पट्टे काढायचे नाहीत, ताजा कागद पहाटे पाचला छापून येईलच. झालं. मिटलं. काकू उठता उठता म्हणाल्या, "बरं झालं बाई, तू होतीस."

तू होतीस... हे त्या आधीही एकदा म्हणाल्या होत्या का? नाही, तेव्हा ते हिने म्हणायचं होतं, आणि हिने म्हटलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर काकू बोलत होत्या. संग्राम, त्यांचा मुलगा, सिएटलहून आज संध्याकाळी येतोय, चारच दिवसांची रजा मिळालीय, त्याच्यासाठी गुळाच्या पोळ्या करून ठेवल्यात. मृणालिनी हं हं म्हणत गाडी चालवत होती आणि तिच्या डोळ्यांपुढे ती दोन टिंबं होती. कोरं का आलं? चुकीचं आलं असतं तर समजलं असतं, अर्धं आलं असतं तरी समजलं असतं. पण कोरं... आणि नर्स म्हणाली तसं, काही नाही म्हणजे काही नाही. तिला काकूंच्या दारात गाडी थांबवल्यावर निरोप घेतल्याचंही नीट आठवेना.

ऑफिसात पोचल्यावर तिने कोटही काढला नाही. ओळखीच्या माणसाचं रेकॉर्ड नावाने शोधून उघडायचं नाही, हा नियम लेखी होता, त्यावर तिची सही होती, आणि कुणी काय उघडलं याची नोंद आपोआप होत होती. तिने नाव टाइप केलं. तीनदा खोडलं. चौथ्यांदा शोधलं.

काकूंच्या नावावर चार नोंदी होत्या. तीन नाही, चार. सल्फा, अंगावर गांधी. पेनिसिलिन, सूज. लॅटेक्स, खाज. आणि चौथी, १९८८ सालची, कुणीतरी जुन्या कागदांवरून टाइप केलेली. औषधाचं नाव — रिकामं. त्रास काय झाला, त्या रकान्यात दोनच इंग्रजी शब्द. श्वास थांबला.

ती बसली. आता कोट काढला. काय झालं असणार ते तिला कळलं होतं, ते कळायला फार हुशारी नको होती, आणि तेच तर लागत होतं. माणसाच्या अशा नोंदी डेटाबेसमध्ये एकीखाली एक पडलेल्या असतात, कुणाची एक, कुणाच्या सात. त्या सगळ्या उचलायच्या आणि मध्ये स्वल्पविराम देत एका ओळीत ओवायच्या, एवढंच काम. तिने ते नेटकं केलं होतं. पण तिथे रिकामं म्हणजे शून्य नव्हे, रिकामं म्हणजे कोरा शब्दही नव्हे. रिकामं, ज्याला ते नल म्हणतात, म्हणजे ठाऊक नाही. आणि ठाऊक असलेल्यात एक ठाऊक नसलेलं मिळवलं, की सगळी ओळच ठाऊक नाही होऊन बसते. सल्फा गेलं, पेनिसिलिन गेलं, लॅटेक्स गेलं. एक नाव नव्हतं म्हणून तीन नावं गेली. शाळकरी चूक. पहिल्या सहा महिन्यांत सगळे करतात आणि मग जन्मात करत नाहीत.

मग मी कशी केली?

तपासताना सापडायला हवी होती. पण तपासायला खोटे पेशंट लागतात, आणि इथल्या सगळ्या आपल्या मंडळींची एक खोड असते, खोटी नावं सुचत नाहीत म्हणून घरचीच घालायची. तिनेही नागपूरचं अख्खं घर त्यात बसवलं होतं. आई, बाबा, बहीण नीलांबरी, अहिल्याआत्या, नवरा गिरीश, शेवटी स्वतः. प्रत्येकाला दोन दोन, तीन तीन अ‍ॅलर्ज्या वाटल्या होत्या, हसत हसत, आत्याला शेंगदाण्याची, गिरीशला अ‍ॅस्पिरिनची, आणि प्रत्येकाचा प्रत्येक रकाना भरला होता. एकही जागा मोकळी सोडली नव्हती. असं घर, जिथे कुणाचं काही सांगायचं राहिलेलं नाही. त्या घरात तिची ओळ सुरेख चालली.

आणि हिने, जिने स्वतः एकदा डॉक्टरकडच्या फॉर्मवर... नको. ते आत्ता नको.

तिने मोजलं. या घडीला हॉस्पिटलात दाखल असलेली माणसं, ज्यांच्या नोंदीत असं एखादं रिकामं नाव आहे, म्हणजे ज्यांच्या कागदावर दोन टिंबांपुढे काही नाही. सदतीस. पुन्हा मोजलं. सदतीसच. सदतीस मनगटं, नुसती पांढरी.

विक्रम तिचा मॅनेजर, पुण्याचा, तिच्याआधी पाच वर्षं इथे आलेला, माणूस वाईट नव्हे. त्याने स्क्रीनकडे एकदा पाहिलं आणि केबिनचं दार लावून घेतलं. दार लावल्याचा आवाज तिला आवडला नाही.

"नल आलाय, त्यात काय यार. फिक्स कर. सहाला नवा बिल्ड हॉस्पिटलला जातो त्यात टाकू, पहाटे नवे कागद निघतील."

"नलच्या जागी काय घालू?"

"काही नको. दोन कोट्स, मध्ये काही नाही. ती नोंद स्किप होईल, बाकीची नावं येतील."

"मग ओळ पूर्ण दिसेल, विक्रम. पूर्ण नसेल, पण दिसेल पूर्ण. आत्ता निदान कोरी तरी आहे, कुणाला शंका तरी येईल. मी 'अननोन' घालते, पुढे रिअ‍ॅक्शन घालते—"

"आणि उद्या सकाळी सदतीस कागदांवर एकदम अननोन छापून आलं, की हॉस्पिटल विचारेल, हे काल का नव्हतं? परवा का नव्हतं? मग नोव्हेंबरपासूनचं सगळं उकरून काढतील." त्याने आवाज खाली आणला. "त्या कोडवर नाव तुझं आहे. ग्रीन कार्डची फाइल कुठवर आलीय तुझी?"

हे त्याने काळजीने विचारलं, खरंखुरं. फाइल मधेच होती. व्हिसाचं चौथं वर्ष. गिरीशची नोकरी गेल्या वर्षी गेल्यापासून त्याचं इथलं असणं तिच्या असण्याला बांधलेलं. हिची नोकरी गेली की दोघांनी उठायचं आणि निघायचं.

"आणि पहाटेपर्यंत?" ती म्हणाली. "ते सदतीस?"

"अकरा आठवडे काही झालं नाही. एक रात्र."

"काही झालं नाही हे आपल्याला कसं माहीत?"

विक्रमने पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाला, "तुला हे सापडलं कसं? कुणाचं रेकॉर्ड उघडलंस?"

"सहज. चेक करत होते."

"सहज," तो म्हणाला. "मग ते सहजच राहू दे. इमेल लिहू नकोस."

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता ती जिन्यात गेली आणि काकूंना फोन लावला. अठ्ठ्याऐंशी साली काय झालं होतं? काकूंना आधी आठवेनाच. मग आठवलं, पित्ताशयाचं ऑपरेशन, हो, तेव्हा काहीतरी गडबड झाली होती खरी, शुद्धीवर आल्या तर काका उशाशी, चेहरा पांढराफटक. "कशाने झालं ते यांना ठाऊक. मला म्हणाले, मी लक्षात ठेवलंय, तू डोक्याला त्रास देऊ नकोस."

मोरेश्वरकाका डॉक्टर होते. त्यांनी लक्षात ठेवलं होतं. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

"काकू, उद्या भूल देणाऱ्यांना एवढं सांगाल? की आणखी एक आहे, नाव माहीत नाही..."

"अगं, नाव माहीत नाही म्हटलं की पुढे ढकलतील. संग्राम कशीबशी रजा काढून येतोय." काकू हसल्या. "आणि तू बघितलंयस ना सगळं सकाळी? मग झालं तर."

फोन बंद झाला तरी ती जिन्यातच उभी राहिली. खालच्या दारातून कुणी ये-जा केली की गार वारा वर येत होता. असाच गार वारा होता त्या दिवशी... जानेवारी २००२, शॉमबर्गमधला तिचा पहिला हिवाळा. गिरीश तेव्हा पेनसिल्व्हेनियात, स्टेट कॉलेजला, एमएसचं शेवटचं वर्ष, चौघांत एक अपार्टमेंट. ही इथे एकटी, नोकरीला लागून तीन महिने झालेले. डिसेंबरात तो येऊन गेला होता. मग दिवस गेल्याचं कळलं होतं. त्याला सांगायचं होतं, पण त्याची परीक्षा होऊ दे, मग तो वाढदिवसाला येईल तेव्हा, समोरासमोर... आणि सातव्या आठवड्यात ते सांगण्यासारखं उरलंच नाही. काकूंनी नेलं होतं तिला, याच हॉस्पिटलात, बर्फातून, पुढे वाकून गाडी चालवत. रात्रभर बसल्या होत्या. काही विचारलं नाही, काही समजावलं नाही, सकाळी मऊ भात आणला. दुसऱ्या दिवशी गिरीशचा फोन आला, आवाज असा का, काय झालं? आणि ती म्हणाली, काही नाही. जरा बरं नव्हतं.

काही नाही. एकदा म्हटल्यावर मग ते रोजच म्हणावं लागलं. पुढच्या वर्षी दुसऱ्या डॉक्टरकडे फॉर्म भरताना, यापूर्वी कधी, या प्रश्नापुढची जागा तिने मोकळी सोडली. शेजारी गिरीश बसला होता. तो कुठला हिवाळा होता गं, आपण तेव्हा काय करत होतो, असं तो कधी विचारतो आणि तिला खरंच काही आठवत नाही. ती दुःखाची रात्र तेवढी नाही, तर त्या आधीचं त्याचं येणं, दोघांनी पाहिलेलं तळं, त्याने घेतलेली निळी टोपी, सगळंच पुसल्यासारखं. एका गोष्टीपायी अख्खं वर्ष गेलंय.

हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे. आणि ते माणूस उद्या सातला...

विचार पुरा व्हायच्या आत तिने रेलिंग धरलं. पण तो पुरा झालाच. उद्या काकूंचं काही बरंवाईट झालं, तर मग ते कुणालाच ठाऊक नसेल. कधीच, कुणालाच. आणि या विचाराच्या तळाशी — देवा, हे माझ्या डोक्यात कुठून आलं — एक बारीकशी, निवांत सुटका होती. ती तिने पाहिली. नाही पाहिली असं म्हणायची सोय नव्हती. दोन जिने खाली कुणीतरी खोकलं आणि ती चोरी पकडल्यासारखी दचकली.

मी अशी आहे का?

दुपार कशी गेली कुणास ठाऊक. तिने दुरुस्ती लिहिली. एक शब्द वाढवायचा, कंसात दोन गोष्टी द्यायच्या, औषधाचं नाव, आणि नाव नसेल तर त्याऐवजी काय. त्याऐवजी काय... दोन अवतरणचिन्हं तिने टाइप केली आणि मध्ये काही घातलं नाही. चालवून पाहिलं. काकूंची ओळ आली. सल्फा, पेनिसिलिन, लॅटेक्स. किती नीट दिसत होती. कुणीही पाहावी आणि निर्धास्त व्हावं. सकाळच्या कोऱ्या कागदाने तिला निदान विचारायला भाग पाडलं होतं. या ओळीने कुणीच काही विचारणार नाही. उद्या पहाटे पाचला ही छापली जाईल, नर्स तांबड्या पट्ट्याशी ताडून पाहील, तीन आणि तीन, जुळलं म्हणेल, आणि भूल देणारा माणूस कागद बाजूला ठेवून सिरिंज भरायला घेईल.

त्या सदतीस जणांची चौथी, पाचवी नोंद काय होती ते तिने उघडून पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही. पण प्रत्येकाला कुणीतरी असेल, त्या वेळी उशाशी बसलेलं, लक्षात ठेवलंय म्हणणारं. त्यातले किती उरले असतील?

साडेपाच. बाहेर अंधारून आलं होतं, पार्किंगमधले दिवे लागले होते. विक्रमचा मेसेज आला, बिल्डला अर्धा तास. तिने कर्सर पुन्हा त्या दोन अवतरणचिन्हांच्या मध्ये नेऊन ठेवला. इथे जे लिहीन ते उद्या काकूंच्या कागदावर येईल. एक शब्द लिहिला तर ऑपरेशन थांबेल, संग्राम चिडेल, हॉस्पिटल विचारेल, विक्रम हात वर करेल, उघडलेल्या रेकॉर्डची नोंद निघेल, आणि महिन्याभरात कदाचित ती आणि गिरीश सामान बांधत असतील. नाही लिहिला तर काही होणार नाही. बहुतेक काही होणार नाही. अकरा आठवडे काही झालं नाही. सतरा वर्षांपूर्वीचं औषध आता वापरतही नसतील. वापरत असतील. श्वास थांबला... दोनच शब्द, आणि ज्याने टाइप केले त्याने पुढचं नाव का विचारलं नाही? त्यालाही कुणीतरी म्हणालं असेल, राहू दे, मोकळं सोड.

फोन वाजला. गिरीश.

"अजून ऑफिसात? काकूंचं सगळं झालं ना सकाळी?"

"हो."

"संग्रामला एअरपोर्टवरून मी पिक करतो, त्याचं फ्लाइट लँड होतंय." मग थांबून, "काय झालं? आवाज असा का तुझा?"

शब्द तयारच होते. तीन वर्षं जिभेवर घासून गुळगुळीत झालेले, विचार न करता येणारे. तिने तोंड उघडलं, आणि ते आले नाहीत. तिने वाट पाहिली. त्यांच्या खाली आणखी काहीतरी होतं, निळ्या टोपीचं, बर्फाचं, मऊ भाताच्या वाफेचं, आणि त्याच्याही खाली दुपारचा जिना, ती निवांत सुटका. इतके दिवस तिला वाटत होतं की न सांगितलेलं आत कुठेतरी निपचित पडून असतं. ते पडून नव्हतं. ते खात होतं.

"मृणाल? हॅलो? आहेस ना?"

पडद्यावर दोन अवतरणचिन्हांमध्ये कर्सर लुकलुकत होता. काचेपलीकडून विक्रम घड्याळाकडे बोट दाखवत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि तिला भीती वाटत होती, सकाळपेक्षा जास्त, पण आता ती भीती स्वतःपासून लपवायची नव्हती.

"आहे," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. "गिरीश, काहीतरी आहे. थांब जरा."

आणि फोन कानाला तसाच धरून तिने दुसरा हात कीबोर्डवर ठेवला.